चौथ्यावर ये

लाईट जाऊन परत आली की आमच्या कंपनीने एका इमारतीत बसवलेली लिफ्ट कुणी बटण न दाबता चौथ्या मजल्यावर जायची आणि दार उघडून उभी राहायची. भुताटकी नव्हती, चूक माझी होती. लिफ्टमधला तळहाताएवढा कंप्युटर लिनक्सवर चालतो. साहेबांना लिनक्स आवडतं कारण ते फुकट, मला आवडतं कारण त्यात हवं ते बदलता येतं. आमच्या ऑफिसच्या इमारतीत लॅब चौथ्या मजल्यावर. तिथल्या लिफ्टवर चाचण्या करताना जिने चढून पायांचे तुकडे पडायचे, म्हणून ‘सुरू झालीस की चौथ्यावर ये’ अशी एक ओळ मी प्रोग्राममध्ये घातली होती आणि काढायलाच विसरले.

ती काढायला लॅपटॉप घेऊन त्या इमारतीत गेले, तर लिफ्टने वर जातानाच लाईट गेली. दहा मिनिटांनी आली आणि लिफ्टने मला इमानेइतबारे चौथ्यावर नेलं. दारात एक आजी पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या.

“घाबरलीस का गं? आधी पाणी पी.”

“मी आत आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“लाईट गेली की कुणी ना कुणी अडकतंच, आणि ही लिफ्ट त्याला माझ्याच दारात आणून सोडते. पूर्वी महिनोन्महिने कुणी फिरकायचं नाही. आता अर्धी इमारत ओळखते मला. तू कुणाकडे आलीस?”

“तुमच्याकडेच.”

पाणी पिऊन मी लॅपटॉप उघडला. त्या ओळीशेजारी माझीच टीप होती : ‘तात्पुरतं आहे, नंतर काढणे.’

मी फक्त टीप काढली.