गुहेच्या तोंडावरचा हॅलोजन

थोरल्याला शंभरदा सांगितलं, गुहेपाशी उजेड करू नकोस. पण सरपंच झाल्यापासून त्याला आईचं ऐकायला कमीपणा वाटतो. वटवाघळं बघायला शहरातले पाहुणे येणार म्हणून त्यानं समोर खुर्च्या मांडल्या आणि गुहेच्या तोंडावर हॅलोजन बसवला.

दिवस बुडाला, पाहुणे खुर्च्यांवर येऊन बसले. वटवाघळं तोंडापर्यंत यायची आणि उजेड बघून मागं फिरायची.

“बाहेर येतील गं आई, जरा दम धर.”

“आतल्या माद्या लेकुरवाळ्या आहेत. पोटात काही गेलं नाही तर पिलांना काय पाजतील?” असं म्हणत मी वायरच उपसली.

अंधार झाला तसे वटवाघळांचे लोटच्या लोट डोक्यावरून निघाले. पाहुणे आ वासून बसले. थोरला मात्र फणफणला, “चारचौघांत लाज काढलीस माझी.”

मी म्हटलं, “लाज तू काढलीस. पाहुण्यांना दिसावं म्हणून घरच्यांनाच कोंडलंस.”