आठ पिल्लं, दोन बादल्या

"घरच्या माणसांना अंदाजानं वाढती आन् डुकरांना मोजून घालती!" नागव्वा शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात सुनेचा उद्धार करत होती. रेणुका वराहपालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. तेव्हापासून ती हॉटेलांतलं खरकटं उकळायची, त्यात मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर क्षार मिसळायची.

चाळीस वर्षं डुकरं पाळलेल्या नागव्वाला हे सोसवेना. तिनं दूध सुटलेली आठ पिल्लं दोघींत चार-चार वाटली. महिन्यानं जिची पिल्लं हलकी भरतील, तिनं खाण्याच्या बादलीला पुन्हा हात लावायचा नाही, असं चारचौघांत ठरलं.

लग्नसराई होती. पैज जिंकायला नागव्वानं मंगल कार्यालयातून डबे भरभरून उरलेली जिलेबी आणि तर्रीचं तेल आणलं. तिची पिल्लं पाकात नाकं बुडवून खायची आणि दिवसभर हगायची. "पोट साफ हुतंय त्येंचं," ती विचारणाऱ्याला ठणकावून सांगायची.

महिन्यानं वजनकाटा टांगला. रेणुकाची चारही पिल्लं अठरा किलोंच्या पुढं गेली. नागव्वाचं सगळ्यात थोराड पिल्लू अकरावर अडलं. सगळी वस्ती जमिनीकडं बघू लागली.

"आत्याबाई, काटा हलतोय वाटतं. परत मोजू," रेणुका हळूच म्हणाली.

नागव्वानं आपली बादली उचलून सुनेच्या पायाशी आदळली. "काटा बरोबर हाय! डुकरांच्या खाण्यातलं मला कळलं नसंल. पर तुला बघायला आन् पसंत करायला मीच आले हुते, ह्ये इसरू नगंस!"