मोरचुदातलं पाणी

"शंभर ग्रॅम मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांत, छत्तीस ग्रॅम पाणी असतं," सोनवलकर मॅडम अकरावीच्या वर्गाला सांगत होत्या, तेवढ्यात प्राचार्य उबाळे दारात थबकले. सकाळपासून कॉलेजचे नळ कोरडे होते आणि विज्ञान शाखेची मान्यता ठरवणारी समिती फाटकाशी आली होती. सरांचा विषय इतिहास.

"पाहुण्यांपुरतं एक ग्लास निघेल?" त्यांनी विचारलं.

"निघेल, सर. अर्धा किलो खडे तापवावे लागतील. विष मागे राहतं, पाण्याची वाफ होते. पण ती वाफ थंड करायला दोन बादल्या पाणी लागेल."

"एवढंच ना," म्हणत सर स्वतः शेजारच्या रसवंतीवरून दोन बादल्या स्वच्छ, गार पाणी घेऊन आले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मॅडमनी बादल्यांकडे बोट दाखवलं, तर ते म्हणाले, "कमी पडलं तर आणखी आणतो." त्यांचा उत्साह पाहून मॅडमनी बर्नर पेटवला.

निळे खडे पांढरे पडत गेले. थेंबाथेंबाने ग्लास भरला. बादल्यांतलं पाणी तोवर कोमट झालं होतं, ते मुलांनी कुंड्यांना घातलं.

समितीच्या अध्यक्षबाई तहानेल्या होत्या. त्यांनी एका दमात ग्लास रिकामा केला.

"छान आहे पाणी," त्या म्हणाल्या. "या दोघा सदस्यांनाही द्या."

सरांनी समाधानाने मॅडमकडे पाहिलं आणि रिकाम्या बादल्या उचलल्या.