माहेरवाशीण

"उल्का, ही तुझ्या नानांनी लाडावलेली माकडीण. आता तूच बोलाव तिला," धारपकाकू म्हणाल्या. काल बिस्किटाचा पुडा हिसकावताना ती त्यांच्या नातवाला कडकडून चावली होती. वनखात्याचा पिंजरा सकाळपासून गच्चीवर होता, पण आतल्या केळ्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

नाना जाऊन महिना झाला होता. रोज ते तिला क्रीमची बिस्किटं भरवायचे. ती बेढब सुटली होती, दात किडले होते. उल्काने हटकलं की म्हणायचे, "अगं, माहेरवाशीण आहे ती आपली."

जंगलात मोकळी तरी फिरेल, म्हणून उल्का तयार झाली. पिंजऱ्यात बिस्किट ठेवून तिने नानांच्याच सुरात हाक दिली, "ये गं बायो!" माकडीण टाकीवरून लगबगीने उतरली आणि निर्धास्त आत शिरली. दार खाडकन पडलं.

"कुठल्या जंगलात सोडणार?" उल्काने विचारलं.

"जंगलात खाईल काय, ताई? हिला फक्त मागता येतं," वनरक्षक म्हणाला. "आता जन्मभर पिंजराच."

माकडिणीने बिस्किट संपवून गजांतून उल्कापुढे हात पसरला. पुड्यात अजून बिस्किटं होती. उल्काला ती देववेनात, आणि तो हात बघवेना.