डाव्या दाराची शेपटी

समुद्रावरून दीड महिना हेलकावे खात आलेली पेटी थोरल्या लेकीने सकाळीच गॅरेजच्या सावलीत उघडली. भुशात गाडीचं डावं दार निजलं होतं आणि त्याच्या उशाला वेल्डिंगच्या रॉडचं सीलबंद पाकीट होतं. बाबांची जुनी गाडी या एका दारावाचून अडली होती. ते शोधता शोधताच बाबा गेले.

"कोरं आहे, कुणाचा हात लागलेला नाही," असं परदेशातल्या दुकानदाराने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं.

तिने दार उलटं केलं. पत्रा गार होता. आतल्या कडेला मुंग्यांच्या रांगेसारखी वेल्डिंगची ओळ होती आणि तिच्या शेवटाला वर वळलेली इवलीशी शेपटी.

"आई, जरा इकडे ये गं!"

आई हात पुसत आली, वाकली आणि खुदकन हसली. "ही तर ह्यांची शेपटी! वेल्डिंग संपवताना ह्यांचा हात असाच वर वळायचा. किती टोकलं, 'अहो, सरळ संपवा की!' ऐकतील तर शपथ."

"पण बाबा कधी देशाबाहेर गेलेच नाहीत ना?"

आईचं हसू विरलं. लेकीला मात्र राहवेना. तिने पाकिटाचं सील फोडलं आणि रॉड फरशीवर ओतले. सगळे नवेकोरे होते, फक्त एक अर्धा जळालेला.

निजलेल्याच्या कपाळाला लावावा तसा आईने त्या शेपटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अगं," बोटांवर फुंकर घालत ती म्हणाली, "पोळतंय."