डब्यातली ज्वारी

बहात्तरच्या दुष्काळात शेतात ज्वारी उगवलीच नाही. डोळे गेलेल्या सासऱ्यांपासून, ईश्वरप्पांपासून, हेमावतीने ते लपवलं. त्यांच्या अंघोळीचं पाणी घालून तिने परसात पाच डब्यांत ज्वारी वाढवली. ते रोज पीक विचारत, ती डब्यांकडे बघून उंची सांगे. त्या थंडीत त्यांनी साबण लावणंच सोडलं. ती चिडायची.

वेळ अमावस्येला शेतात ज्वारीची पूजा करून तिथंच जेवायची घरची रीत. यंदा तिने डबे खाटेजवळ मांडले.

"मामा, तुम्हाला जाणं झेपत नाही, म्हणून शेतातली ज्वारीच हितं आणलीय."

ईश्वरप्पांनी कणीस चाचपलं.

"दाणा भरला की. उद्यापासनं साबण दे. आता पिकाला काय होत न्हाय."