बंदराकडचा उतार

भागोजीनं किल्ली फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला नाही. हॉर्न दाबला, तोही गप्प. बॅटरी पार उतरलेली होती.

त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सहा चाळीस.

बायकोला, हिराला, पडवीतली लाकडं काढताना नाग डसला होता. वर कातळाच्या सड्यावरच्या दवाखान्यात वीस मिनिटांच्या आत पोचलं तर माणूस हाती लागतं, एवढं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. वाडीत रिक्षा एकच, विनोदची. तो पहाटेच आंब्याच्या पेट्या घेऊन पावसला जायचा. शहरातून अँब्युलन्स यायची म्हणजे तास. राहिली ही मोटरसायकल. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घेतलेली, आता सांध्यासांध्यात खुळखुळणारी.

किक मारण्यात भागोजीनं वेळ घालवला नाही. पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, स्टँड काढला आणि गाडी अंगणातून रस्त्यावर घेतली.

गडग्यापलीकडून बाबू आला. हातातला चहाचा पेला त्यानं गडग्याच्या दगडावर ठेवला आणि लुंगी वर खोचली.

"आजपण?"

"आजपण."

"मेल्या, नवी बॅटरी का नाय घालत? तुझ्या गाडीपेक्षा माझी म्हैस बरी. हाक मारली की उठते तरी."

"नवी बॅटरी घालून काय उपयोग, बाबू?"

बाबूनं त्याच्याकडे बघितलं. मग तो गाडीच्या मागे गेला आणि दोन्ही हात सीटच्या दांडीवर ठेवले.

दवाखाना वरच्या अंगाला, आणि उतार खाली, बंदराकडे. गाडी चालू करायची तर आधी दवाखान्याकडे पाठ करून जायला हवं. घाबऱ्या माणसाला हे पटत नाही. त्याचे पाय वरच्याच दिशेला ओढतात. भागोजीनं मात्र हँडल सरळ बंदराकडे वळवलं, दुसरा गिअर टाकला आणि क्लच दाबून धरला.

"ढकल."

बाबू धावायला लागला. जांभ्याच्या रस्त्यावर चाकं खडखडली. नारळाची पहिली बाग मागे गेली. भागोजीनं क्लच सोडला. गाडी ठेचकाळली, एकदा खोकली आणि गप्प झाली.

"सोडलास लवकर!" बाबू धापा टाकत ओरडला. "जरा वेग येऊ दे रे!"

"बोलू नको, ढकल!"

या खेपेला भागोजी थांबला. पार वळणापर्यंत. मग सीटवर सगळं वजन टाकून त्यानं क्लच सोडला. मागचं चाक घासलं, धूर सुटला आणि इंजिन लागलं. त्यानं लगेच क्लच दाबला, रेस पिळून धरली. बाबू रस्त्यातच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

खाली जाळी सुकत टाकली होती, तिथे गाडी वळवून भागोजी वर आला आणि आपल्या दारात थांबला. इंजिन बंद पडू दिलं नाही.

आजारी माणसाला मागे बसवायचं आणि शाल गुंडाळून आपल्या कमरेशी बांधून घ्यायचं, ही वाडीची रीत. त्याला दोन मिनिटं लागतात. भागोजी दोन मिनिटं थांबला. नजर समोर, हात रेसवर.

बाबूची बायको रुपाली तोंडाला पदर लावून आपल्या पायरीवर उभी होती.

"भावोजी, सांभाळून जावा. वळणावर खडी टाकलीय."

"सांभाळून गेलो तर पोचणार कधी, वहिनी?"

त्यानं गिअर टाकला.

चढाला इंजिन रडायला लागलं. पहिल्या वळणावर खडी होती. चाक सरकलं, भागोजीनं पाय टेकून सावरलं.

"धर घट्ट," तो म्हणाला.

मागून आवाज आला नाही. त्यानं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या वळणाच्या पुढे आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो रस्ताभर पसरून चालला होता. हॉर्न तर वाजत नव्हता. भागोजी बोंबलला, "बाजू दे रे! बाजू!" ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि लगेच टेम्पो कडेच्या मातीत उतरवला.

सड्यावर रस्ता सरळ झाला. दोन्हीकडे काळा कातळ, समोर वारा. गाडी यापुढे पळत नव्हती तरी भागोजी टाकीवर वाकला. एकदा, एकदाच त्याच्या मनात आलं की जरा रेस सोडावी. कुणाला कळणार होतं? पण ती हिराशी लबाडी झाली असती. त्यानं रेस पिळली ती सोडलीच नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत शिरली आणि पायरीला टेकूनच थांबली.

निशिगंधा सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात चहाचा कप होता. भागोजी एकटाच उतरला. मागची सीट रिकामी होती.

"किती मिनिटं झाली आज?" तिनं विचारलं.

वर्षभर ती रोज सकाळी हेच विचारायची. तो सांगायचा, सव्वीस. चोवीस. बावीस. मग ती म्हणायची, "बघा काका, त्या दिवशी अंगणात किक मारत न बसता उतारावर गेला असतात, तरी काकी वाचल्या नसत्या. तुमचा काही दोष नाही." एवढं ऐकायलाच तो यायचा. ऐकलं की चहा प्यायचा, घरी जायचा, आणि तो दिवस निघायचा.

आज त्यानं कप घेतला नाही. मनगट तिच्यापुढे धरलं.

"एकोणीस," तो म्हणाला.